हीटरचीं दुखणीं व त्यांची परीक्षा

हिवाळा आला म्हणजे ज्या यंत्राची वर्षभर कोणास आठवण नसते, त्याची घरांतील प्रत्येकास एकाच वेळीं गरज भासूं लागते. निफाडास किंवा महाबळेश्वरास पौषांतील पहांटे पारा खालीं उतरला, कीं न्हाणीघराच्या भिंतीवरील गीझरनें आपलें काम चोख करावें अशी सर्वांची अपेक्षा असते. आणि नेमकें त्याच दिवशीं त्यांतून गार पाणी येतें. अशा प्रसंगीं दोन प्रकारचीं माणसें दिसून येतात. कांहीं जण यंत्रास हातच लावीत नाहींत व वायरमनची वाट पाहत चार दिवस कुडकुडत बसतात. कांहीं जण लगेच पेंचकस घेऊन वीज चालू असतांनाच यंत्र उघडावयास धांवतात. पहिल्याचा वेळ व पैसा जातो. दुसऱ्याचा प्राण जाण्याचा संभव असतो. या दोहोंमधील शहाणपणाचा मार्ग कोणता, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

वैद्य रोग्यास औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो. तापविणाऱ्या कोणत्याही यंत्राची नाडी पाहावयाची असल्यास तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, उष्णता उत्पन्न होते काय? दुसरा, उत्पन्न झालेली उष्णता पाहिजे तेथें पोंचते काय? तिसरा, उष्णता पुरेशी झाली म्हणजे तिला थांबविणारा व तिच्यापासून आपलें रक्षण करणारा पहारेकरी जागा आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर नकारार्थी आलें तर फार तर गार पाण्यानें स्नान करावें लागेल. तिसऱ्याचें उत्तर नकारार्थी आलें तर मात्र तें यंत्र त्याच क्षणीं बंद केलें पाहिजे. हा भेद ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

बंबापासून गीझरपर्यंत

आपल्या पणजोबांच्या घरीं तांब्याचा बंब असे. मध्यें विस्तवाचें नळकांडें, भोंवतीं पाणी, अशी त्याची रचना. कित्येक बंबांत वरच्या तोंडांतून गार पाणी ओतलें म्हणजे तें तळाशीं जाई आणि वर जमलेलें कढत पाणी तोटींतून बाहेर पडे. बंब पेटविण्याचा नियम घरांतील वडील मंडळी मुलांस बजावून सांगत: आधीं पाणी, मग विस्तव. कोरड्या बंबाखालीं जाळ केला, तर उष्णता घेऊन जावयास पाणी नसल्यामुळें डाख वितळून भांडें निकामी होई. आजच्या गीझरचें शास्त्र याहून निराळें नाहीं. त्यांतही गार पाणी तळाशीं शिरतें, तें वरच्या ऊन पाण्यास बाहेर ढकलतें, आणि आधीं पाणी व मग वीज हाच नियम लागू असतो.

गीझर हा शब्द आइसलंड बेटांतील गेसिर नामक उकळत्या कारंज्यावरून आलेला आहे. आपल्याकडे वज्रेश्वरीचीं उन्हाळीं प्रसिद्ध आहेत, तशाच जातीचा परंतु उसळी मारणारा तो झरा होय. १८६८ सालीं इंग्लंडांत बेंजामिन मॉघन नांवाच्या गृहस्थानें गॅसच्या ज्योतीनें पाणी तापविणारें यंत्र तयार केलें व त्यास हें नांव दिलें. त्या पहिल्या यंत्रास जळलेला वायु बाहेर नेणारें धुराडेंच नव्हतें. ही उणीव किती घातक असते, तें आम्ही पुढें सांगणार आहों.

विजेचा गीझर

तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार तापते, व ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९०६ सालीं अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यानें निकल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें पेटंट घेतलें. ही तार लालबुंद झाली तरी लवकर गंजून तुटत नाहीं. गीझरमधील कॉइल म्हणजे अशीच तार धातूच्या नळींत बसविलेली असते. तार व नळी यांच्यामध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठांसून भरलेली असते. ती उष्णतेस वाट देते, विजेस देत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. १५ लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवावयाचें आहे. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास सुमारें ४.२ किलोजूल उष्णता लागते. म्हणजे १५, ४० व ४.२ यांचा गुणाकार, २५२० किलोजूल. २००० वॅटचा गीझर सेकंदास २ किलोजूल देतो. म्हणून १२६० सेकंद, अर्थात् २१ मिनिटें लागलीं पाहिजेत. आपल्या घरच्या गीझरवर लिहिलेले लिटर व वॅट पाहून विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करावें व घड्याळ लावून ताडून पाहावें. हिशेबापेक्षां थोडा अधिक वेळ लागला तर चिंता नको. दुप्पट लागूं लागला, तर कोठें तरी दोष आहे असें समजावें.

दिवाच लागत नसेल, तर प्रथम हें पाहावें कीं पाणी आधींच तापलेलें तर नाहीं ना. कारण अनेक गीझरांत पाणी पुरेसें तापल्यावर थर्मोस्टॅट वीज तोडतो व दिवा विझतो. पाणी गार असूनही दिवा लागत नसल्यास घरांतील मुख्य फळ्यावरील त्या जोडणीचा फ्यूज अथवा एम. सी. बी. पाहावा. तो पडला असेल तर एकदांच वर करून पाहावा. पुन्हां पडला तर तिसऱ्यांदा हट्ट करूं नये. तो पडतो हें त्याचें दुखणें नव्हे. दुखणें दुसरीकडे आहे, आणि तो तें आपणांस सांगत आहे.

दिवा लागतो, परंतु पाणी गारच राहतें, अशा वेळीं वीज गीझरपर्यंत पोंचते व कॉइल मात्र जळून तुटली आहे, असें बहुधा समजावें. कॉइल बदलणें हें वायरमनचें काम होय.

पाणी तापतें, पण कोमट येतें किंवा लवकर संपतें, या तक्रारीचीं कारणें अनेक आहेत. थर्मोस्टॅटची खूण खालच्या अंशावर सरकली असेल. गार व ऊन पाण्याची एकत्र तोटी आंतून झिजून गार पाणी ऊन पाण्यांत मिसळत असेल. परंतु दख्खनच्या पठारावर, जेथें विहिरीचें अथवा बोअरचें पाणी वापरतात, तेथें सर्वांत वारंवार आढळणारें कारण म्हणजे क्षार. जड पाण्यांत विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापविल्यावर फुटतो आणि त्यापासून चुनखडीचा पांढरा थर कॉइलवर बसतो. हा थर म्हणजे कॉइलनें पांघरलेली घोंगडीच. आंत उष्णता उत्पन्न होते, पण पाण्यास पोंचत नाहीं. कॉइल मात्र अधिकाधिक तापून अखेर जळते. गीझर तापतांना आंतून खदखद किंवा तडतड असा आवाज येऊं लागला, तर थर जाड झाला असें ओळखावें. कारण त्याच्याखालीं अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटत असते. चहाच्या किटलींत बसलेल्या थरावर लिंबाचा रस अथवा शिरका घालून पाहावा. बुडबुडे येऊन तो विरघळतो. हा प्रयोग घरीं करण्याजोगा आहे. गीझर मात्र उघडून साफ करावयाचा तो मिस्त्रीच्या हातूनच. त्याच वेळीं टाकींतील मॅग्नेशियमची कांडीही तपासून घ्यावी. ती स्वतः झिजून टाकीस गंजापासून वांचविते; ती संपली म्हणजे टाकी झिजूं लागते.

गीझरच्या सुरक्षा-झडपेंतून पाणी ठिबकतें म्हणून कित्येक जण घाबरतात. पाणी तापलें म्हणजे पसरतें. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलें कीं तें जवळजवळ पाव लिटरानें वाढतें, व या वाढीस वाट हवी. तापतांना चार थेंब पडले तर झडप आपलें कर्तव्य करीत आहे असें समजावें. सारखी धार लागली, किंवा तींतून वाफ येऊं लागली, तर वीज बंद करून कारागिरास बोलवावें. त्या झडपेच्या तोंडांत लांकडाची खुंटी किंवा चिंधी कोंबणाऱ्या मनुष्यानें आपल्या घराच्या भिंतीवर सुरुंग टांगला असें म्हटलें पाहिजे.

तोटीस हात लावतांच झिणझिण्या आल्या, तर याहून स्पष्ट इशारा दुसरा नाहीं. कॉइलची नळी चिरून पाण्याचा विजेशीं संबंध आला आहे आणि अर्थिंगही तुटलेलें आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. हात कोरडे करून मुख्य स्विच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत घरांतील कोणासही तेथें स्नानास जाऊं देऊं नये. चांगलें अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीनेंही क्षणांत वीज तोडणारा आर. सी. सी. बी. स्विच, हे दोन पहारेकरी ज्या घरीं आहेत, त्या घरीं असा दोष प्राणावर बेतण्याचें भय पुष्कळ कमी होतें.

बादलींतील रॉड

रॉड हा स्वस्त, म्हणून तो वसतिगृहांतून व भाड्याच्या खोल्यांतून सर्वत्र आढळतो. दीड हजार वॅटचा रॉड एक बादलीभर, म्हणजे १५ लिटर, पाणी २० वरून ४५ अंशांवर सुमारें साडेसतरा मिनिटांत नेतो. परंतु २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो, आणि दिव्यापंख्यांसाठीं असलेला लहान सॉकेट सहा अँपिअरांपुरताच असतो. प्लग तापणें, काळवंडणें, जळका वास येणें या तक्रारींचें मूळ येथें असतें. उपाय एकच, १६ अँपिअरांचा सॉकेट.

रॉडविषयीं कांहीं नियम मुलांनीं पाठ करावेत. रॉड पाण्यांत त्याच्या खुणेपर्यंत बुडविल्यावरच वीज सुरू करावी. आणि वीज बंद करून, प्लग काढून, मगच तो बाहेर घ्यावा. पाणी किती तापलें हें पाहण्यासाठीं वीज चालू असतांना बोट घालूं नये. लोखंडी अथवा पितळी बादली वापरूं नये. ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून स्विचास हात लावूं नये. धाकट्या भावंडांस त्या खोलींत एकटें सोडूं नये.

खोली गरम करणाऱ्या विजेच्या हीटरचेंही थोडक्यांत सांगतों. मोसमांतील पहिल्या दिवशीं जळक्या धुळीचा वास येतो, तो थोड्या वेळांत जातो. पंख्याचा हीटर पांच मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर मागील जाळी धुळीनें बुजली आहे काय तें, प्लग काढून व हीटर थंड झाल्यावर, पाहावें. बहुतेक वेळां तेवढी साफ करणें पुरतें. पडदे व अंथरूण त्यापासून निदान एक मीटर दूर असावीं, आणि ओले कपडे त्यावर कधींही वाळत घालूं नयेत.

गॅसचा गीझर

आतां आम्ही या लेखांतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतों. गॅसचा गीझर पेटत नाहीं, हें दुखणें बहुधा साधें असतें. ठिणगी पाडणारे सेल उतरले असतील. पाण्याचा दाब कमी असल्यामुळें आंतील पडदा गॅसची वाट उघडीत नसेल. किंवा सिलिंडर संपला असेल. सेल बदलावेत, पाण्याची गाळणी साफ करावी, सिलिंडर पाहावा. गॅसचा वास आला तर मात्र विजेचें एकही बटण दाबूं नये, काडी ओढूं नये. सिलिंडर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो.

परंतु ज्या दोषास वास नाहीं, रंग नाहीं व आवाजही नाहीं, तो याहून भयंकर आहे. ज्योत निळी व स्थिर असेल तर गॅस पुरतेपणीं जळत आहे असें समजावें. ती पिवळी होऊन काजळी धरूं लागली, तर हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होत आहे, असें मानावें. रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायु मिळत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, घेरी येते, मळमळतें, हातापायांतील बळ जातें. मनुष्यास वाटतें कीं ऊन पाण्यानें सुस्ती आली. आणि कडी उघडण्याचें त्राण राहण्यापूर्वींच तो खालीं पडतो. बंद न्हाणीघरांत गॅस-गीझरमुळें झालेले मृत्यु आपल्या राज्यांत वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. त्यांत पुष्कळ वेळां तरुण मुलांमुलींचीं नांवें असतात, हें लिहितांना आम्हांस फार दुःख होतें. ज्योत निळी आहे एवढ्यानेंही निर्धास्त होऊं नये. कारण कोंडलेल्या खोलींत जळतां जळतांच हवेंतील प्राणवायु कमी होत जातो आणि निरोगी ज्योतही शेवटीं विष देऊं लागते.

म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा व केवळ नळानें ऊन पाणी आंत आणावें. तसें करणें अशक्य असेल, तर विजेचा गीझर घ्यावा. अशा न्हाणीघरांत कोणी नेहमींपेक्षां अधिक वेळ राहिलें तर हाक मारावी. उत्तर न आल्यास संकोच न करतां दार उघडावें अथवा फोडावें, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेंत आणून तत्काळ रुग्णालयांत न्यावें. थंडीच्या रात्रीं कोळशाची शेगडी खोलींत ठेवून दारें लावून निजणाऱ्यांसही हेंच भय आहे.

मोटारींतील हीटर

काश्मिरांत, लडाखांत किंवा परदेशीं कॅनडा-इंग्लंडांत राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांस मोटारींतील हीटर ही चैन नसून हिवाळ्यांतील गरज असते. आपल्या घाटांतही धुक्याच्या वेळीं कांचेवरील वाफ घालविण्यास तो उपयोगी पडतो. पेट्रोल अथवा डिझेलच्या एंजिनांत इंधनाची सुमारें एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या कूलंटमध्यें जाते. हें ऊन कूलंट डॅशबोर्डामागील एका लहान जाळीदार डब्यांतून खेळवितात, पंखा त्यावरून हवा फुंकतो, व ती ऊन हवा आंत येते. म्हणजे हा हीटर एंजिनानें टाकून दिलेल्या उष्णतेवरच आपला संसार चालवितो.

येथेंही तेच तीन प्रश्न विचारावेत. गाडी सुरू करतांच ऊन हवा येत नाहीं, हा दोष नव्हे. एंजिन आधीं तापलें पाहिजे. पुष्कळ अंतर चालूनही तापमानाचा काटा खालींच राहतो व हवा कोमट येते, तर एंजिनाचा थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. तो ८० ते ९० अंशांच्या सुमारास उघडावयाचा असतो. आधींच उघडा राहिल्यास कूलंट रेडिएटरमध्यें जाऊन थंड होतें. काटा योग्य जागीं असूनही हवा गार येत असल्यास कूलंट कमी आहे, किंवा नळींत हवा अडकली आहे, किंवा हीटरची जाळी गाळानें बुजली आहे. जाळीस जाणारी नळी ऊन व परतणारी गार लागली, तर अडथळा जाळींत आहे हें गॅरेजचा मेकॅनिक क्षणांत ओळखतो. पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावर चालतो व बाकीच्यांवर चालत नाहीं, तर त्याचा रेझिस्टर जळला असें बहुधा समजावें. मुळींच चालत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. गाडींत गोडसर वास येतो, कांचेवर चिकट धुकें जमतें व पायांखालील गालिचा ओला होतो, तर जाळी गळत आहे. कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असून चवीस गोड असतें. म्हणून सांडलेलें कूलंट लगेच पुसावें आणि मुलें व जनावरें यांना त्यापासून दूर ठेवावें.

कूलंट पाहावयाचें तें एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. ऊन रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालीं असलेलें कढत पाणी झांकण निघतांच वाफ होऊन तोंडावर उसळतें. बंद गॅरेजमध्यें एंजिन चालू ठेवून हीटरची ऊब घेत बसूं नये, कारण धुराच्या नळींतूनही तोच कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत टाकाऊ उष्णता फारच थोडी असते. तेथें हीटर बॅटरीवरच चालतो, म्हणून थंडींत तो लावल्यास गाडी एका चार्जिंगमध्यें कमी अंतर जाते. तो बिघाड नव्हे, हें नव्या मालकांनीं ध्यानांत ठेवावें.

हात केव्हां आवरावा

वरील विवेचनावरून दिसून येईल कीं पुष्कळशी परीक्षा यंत्र न उघडतांच करतां येते. डोळ्यांनीं दिवा व ज्योत पाहावी, कानांनीं आवाज ऐकावा, नाकानें वास घ्यावा, घड्याळानें वेळ मोजावी. फ्यूज, सेल, गाळणी, धूळ, पाण्याची चावी, कूलंटची पातळी इतक्या गोष्टी घरच्या मोठ्या माणसांनीं पाहाव्यात व मुलांनीं शेजारीं उभें राहून शिकाव्यात. जेथें झांकण काढावें लागतें, जेथें गॅसची नळी सोडवावी लागते, जेथें झटका बसतो, तेथें हात आवरावा आणि जाणत्या कारागिरास बोलवावें. त्यास नुसतें "गीझर बिघडला" असें न सांगतां, "दिवा लागतो, पण पाणी गार राहतें" अशी नेमकी हकीकत सांगितली, तर त्याचा वेळ वांचतो व आपला पैसाही.

दिवाळीची सुटी लागली म्हणजे विद्यार्थ्यांनीं एक सकाळ या कामास द्यावी. प्लग काळवंडला आहे काय, झडपेचें तोंड मोकळें आहे काय, आर. सी. सी. बी. चें परीक्षेचें बटण दाबल्यावर तो पडतो काय, गॅसची ज्योत निळी आहे काय, आणि गॅसचा गीझर बंद न्हाणीघरांत तर नाहीं ना, हे पांच प्रश्न वहींत लिहून वडिलांस अथवा आईस बरोबर घेऊन त्यांचीं उत्तरें लिहावींत. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी आलें, तर थंडी पडण्याची वाट न पाहतां तो गीझर त्याच आठवड्यांत बाहेर हलवून घ्यावा.